धोका टळला की शेजाऱ्याकडे सरकला?



पाऊस वेळेवर यावा, गारा पडू नयेत, विहिरीचे पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरावे, ही प्रार्थना आपल्या बागलाणात घरोघरी होते. द्राक्षाची बाग ज्याच्या नावावर आहे तोही ती करतो आणि त्याच बागेत थिनिंगला रोजाने जाणारी बाईही करते. मागणे एकच असते, पण संकट आले की ते दोघांच्या वाट्याला सारखे येत नाही. संकटापासून बचाव करण्याची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहेत. ती वापरावीत की नाही, हा वाद आम्हाला घालायचा नाही. ती वापरलीच पाहिजेत. आमचा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या साधनामुळे माझ्यावरचा धोका कमी होतो, तेव्हा तो खरोखर नाहीसा होतो का? की तो हळूच शेजाऱ्याच्या अंगणात सरकतो?

हा प्रश्न शेतीचा, पाण्याचा आणि विज्ञानाचा आहे. तितकाच तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही आहे.

नुकसान कोणाचे मोजले जाते?

बागलाणची द्राक्षे ‘अर्ली’ म्हणून ओळखली जातात. इतर भागांत ऑक्टोबरच्या सुमारास छाटणी होते. आपल्याकडे ती पावसाळ्यातच उरकतात, म्हणजे बाजारात दुसरा माल नसताना आपली द्राक्षे निघतात आणि भाव चांगला मिळतो. या भावासाठी शेतकरी जाणूनबुजून जोखीम घेतो, कारण पाऊस लांबला तर साखर भरलेले मणी तडकतात. २०१९ मध्ये नेमके तेच झाले. ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि त्यापाठोपाठ ‘महा’ ही चक्रीवादळे आली, पाऊस थांबेना आणि तोडणीला आलेल्या बागा डोळ्यांदेखत सडल्या. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, तेव्हा पुन्हा द्राक्षे आणि कांदा झोपला. 

अशा वेळी पंचनामा होतो. तलाठी येतात, सातबारा पाहतात, बाधित क्षेत्र लिहून घेतात. मदत पुरेशी मिळते की नाही हा भाग वेगळा, पण निदान नुकसानीची नोंद तरी होते. मात्र सातबाऱ्यावर ज्यांचे नाव नाही त्यांचे नुकसान कोणत्याही कागदावर येत नाही. बाग गेली म्हणजे तोडणीची, पॅकिंगची, वाहतुकीची मजुरीही गेली. ज्या घरात त्या मजुरीवर दिवाळीनंतरचे चार महिने निघायचे, त्या घराचे काय झाले हे विचारायला कोणी येत नाही. बागायतदाराला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. तो स्वतःच कर्जात बुडालेला असतो. पण एकाच गारपिटीत मोजले गेलेले आणि न मोजले गेलेले असे दोन प्रकारचे आपद्ग्रस्त असतात, हे आधी नीट पाहायला हवे. 

यंत्राला कळले, माणसाला कळले का?

आजचे विज्ञान आपल्याला खूप काही आधी सांगू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर मोबाइलवर इशारा देते. २०१७ पासून राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली आणि त्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. २०२३ मध्ये अनेकांच्या मोबाइलवर अचानक मोठा आवाज करून एक सरकारी संदेश आला होता, तो आठवत असेल. आपत्तीच्या वेळी एका भागातील सगळ्या मोबाइलवर एकदम इशारा कसा पोहोचवता येईल, याची ती चाचणी होती.

हे सगळे चांगलेच आहे. पण वीज कोणावर पडते? घरात मोबाइल चार्जिंगला लावून बसलेल्यावर सहसा पडत नाही. ती पडते माळावर गुरे घेऊन गेलेल्या पोरावर, उघड्या शेतात कांदा काढणाऱ्या बायांवर, पाऊस आला म्हणून झाडाखाली उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यावर. त्यांच्यातील कितीजणांच्या हाती तसा मोबाइल असतो? आणि असला तरी माळावर रेंज असते का? म्हणजे इशारा एकाला मिळतो आणि धोका दुसऱ्याला असतो. अशा वेळी ज्याला इशारा मिळाला त्याच्यावर काही जबाबदारी येते की नाही?

आम्हाला वाटते, येते. मिळालेली पूर्वसूचना ही आपल्याजवळ दिलेली ठेव आहे. ती ज्याची आहे त्याला पोहोचती केल्याशिवाय आपण मोकळे होत नाही.

बांगलादेशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला. १२ नोव्हेंबर १९७० रोजी भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ आले. वादळ येत आहे हे हवामान खात्याला ठाऊक होते, पण किनाऱ्यावरच्या झोपडीपर्यंत ती बातमी समजेल अशा रीतीने पोहोचलीच नाही. किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर तिथे रेड क्रॉसच्या पुढाकाराने स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. हे गावातलेच लोक. त्यांच्याकडे रेडिओ, हातातला भोंगा आणि खांबावर चढवायची निशाणे. एक निशाण म्हणजे सावध व्हा, तीन निशाणे म्हणजे घर सोडा. पुढे उपग्रह आले, रडार आले, पक्के निवारे बांधले गेले, पण दार ठोठावणारा माणूस त्यांनी कायम ठेवला.

तरीही १९९१ च्या वादळात सुमारे एक लाख चाळीस हजार लोक मृत्युमुखी पडले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच जास्त होते. घरातील पुरुष येईपर्यंत अनेकजणी घर सोडू शकल्या नाहीत. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत कसे राहायचे, हीही अडचण होती. इशारा पोहोचला होता, पण तो पाळण्याची मोकळीक नव्हती. मग स्वयंसेवकांत स्त्रिया वाढवल्या, निवाऱ्यांत त्यांच्यासाठी वेगळी जागा केली. २०२० मध्ये ‘अंफन’ हे मोठे चक्रीवादळ आले तेव्हा तिथे वीस लाखांहून अधिक लोकांना वेळेवर हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. तीन लाखांवरून शंभराच्या आत! यात उपग्रहाचे श्रेय आहे, तसेच दार ठोठावणाऱ्या बाईचेही आहे.

आपल्याकडचे उदाहरणही विसरण्यासारखे नाही. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर सकाळी डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी प्रथम कळली ती त्या रस्त्याने जाणाऱ्या एस. टी.च्या चालकामुळे. रोज दिसणारे गाव त्याला जागेवर दिसले नाही. गाव जागेवर आहे की नाही, हे पाहणारा रोजचा माणूस असावा लागतो. त्याची जागा यंत्र घेऊ शकत नाही.

फडाचा हिशेब

धोका वाटून कसा घ्यावा, हे शिकायला बागलाणच्या माणसाने फार दूर जाण्याची गरज नाही. मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत काही शतके चालत आलेली फड पद्धत आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना शेतकऱ्यांनी मिळून द्यायचा. भांडण झाले तर पंच बसत.

या पद्धतीतील शहाणपण दुष्काळात दिसे. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी असले की सगळ्या फडांना अर्धवट पाणी देऊन सगळीच पिके वाळवायची नाहीत. एखाद-दोन फडच भिजवायचे, बाकीचे कोरडे ठेवायचे. आणि भिजणाऱ्या फडात प्रत्येकाचा तुकडा असल्यामुळे प्रत्येकाला थोडे पिके आणि प्रत्येकाचे थोडे बुडे. कोणी पूर्ण तरला नाही, कोणी पूर्ण बुडाला नाही.

ही पद्धत निर्दोष होती असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जमीनच नव्हती त्याला फडात हिस्सा नव्हता. पाटाच्या वर राहणाऱ्याला पाणी नव्हते. पुढे धरणे झाली, विहिरींवर विजेचे पंप आले, ज्याने त्याने आपापले पीक निवडले आणि फडाची शिस्त सैल होत गेली. बंधारे जिथे उरले तिथेही एकत्र बसण्याची सवय गेली. बदल होणारच होता. पण फडाबरोबर एक विचारही निघून गेला. दुष्काळ हा सर्वांचा असतो, हा तो विचार.

शेततळे कोणाच्या पाण्याने भरते?

आज त्या जागी काय आले? बोअर, शेततळे, बागेवरचे प्लॅस्टिकचे आच्छादन आणि विमा. यातील प्रत्येक साधन उपयोगी आहे. प्रत्येकाच्या बाबतीत एकच प्रश्न विचारावा, की वाचवलेला धोका गेला कुठे?

प्लॅस्टिकच्या आच्छादनाला एकरी काही लाख रुपये लागतात. ज्याची ऐपत आहे त्याची बाग वाचते, ज्याची नाही त्याची जात्ये. तरी यात निदान शेजाऱ्याचे काही हिरावले जात नाही. उलट बाग वाचली तर मजुरी वाचते. हे साधन धोका कमी करते, सरकवत नाही.

शेततळ्याची गोष्ट निराळी आहे. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवून साठवावे, हा त्याचा मूळ हेतू. तसे केले तर ते वरदानच आहे. पण आपल्या जिल्ह्यात अनेक ठिकाणी कागद अंथरलेली मोठमोठी तळी पावसाने भरत नाहीत, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने भरतात. आपल्याकडचा खडक काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात पाणी साठते, तेही मर्यादित. एका शिवारातल्या विहिरी वेगवेगळ्या दिसल्या तरी खाली त्यांचा झरा बऱ्याचदा एकच असतो. हिवाळ्यात एकाने ते पाणी उपसून आपल्या तळ्यात भरून ठेवले की त्याचा उन्हाळा निभावतो. पण मार्चमध्ये शेजारच्या उथळ विहिरीचा तळ दिसतो आणि वस्तीवरच्या बाया हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या राहतात. शिवाय वर आणलेल्या पाण्यातील बरेचसे उन्हाने उडून जाते, ते कोणालाच मिळत नाही. तळ्याच्या मालकाने चोरी केली का? कायद्याने कदाचित नाही. त्याच्या मनात वाईट होते का? तेही नाही. पण दुष्काळ नाहीसा झाला नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला.

यावर कोणी म्हणेल, “मी माझ्या मुलाबाळांसाठी केले. कर्ज माझ्या डोक्यावर आहे. शेजारी माझे हप्ते भरणार आहे का?” हे म्हणणे खोटे नाही. आपले घर वाचवणे हे पाप नव्हे. एकट्यानेच त्याग करावा अशी अपेक्षा ठेवणेही न्यायाचे नाही, कारण एकाने उपसा थांबवला तर दुसरा तेच पाणी ओढतो. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या चांगुलपणावर सोडून भागत नाही. तो सर्वांनी मिळून, सर्वांना लागू होईल असा नियम करूनच सुटतो. 

हे होऊ शकते याचे दाखले महाराष्ट्रात आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पर्जन्यमापक बसवला, विहिरींच्या पातळ्या मोजल्या आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची ते ठरवले. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हा नियम सर्वांना सारखा. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर ठरला नाही, घरातल्या माणसांवर ठरला आणि भूमिहीनालाही हक्क मिळाला. फडात जे राहून गेले होते ते इथे भरून निघाले. आपल्याच जिल्ह्यात ओझरला बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्यांनी सुरुवात केली ती कालव्याच्या शेवटच्या टोकापासून, जिथे पाणी पोहोचतच नव्हते.

योसेफाची कोठारे

आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली योसेफाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. फारोच्या स्वप्नाचा अर्थ सांगून योसेफाने सात वर्षे धान्य साठवले आणि दुष्काळात मिसर देश वाचला. पूर्वसूचना आणि पूर्वतयारी यांचा एवढा चांगला नमुना दुसरा नसेल. पण उत्पत्तीच्या पुस्तकात ही गोष्ट इथे संपत नाही. दुष्काळ लांबला तसे लोकांनी धान्यासाठी आधी पैसे दिले, मग गुरे दिली, शेवटी जमिनी आणि स्वतःचे स्वातंत्र्यही फारोला देऊन टाकले. माणसे जगली, पण फारोची होऊन जगली. कोठारे तीच होती. ती कोणाच्या ताब्यात आहेत आणि कोणत्या अटीवर उघडतात, यावर त्यांचे पुण्य ठरत होते. आजच्या साधनांनाही हीच कसोटी लावायला हवी.

सटाण्याने याच्या उलट उदाहरणही पाहिले आहे. १८७०-७१ च्या दुष्काळात इथले मामलेदार यशवंत महादेव भोसेकर यांनी सरकारी खजिन्यातले पैसे उपाशी लोकांना वाटले, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. आकडा १ लाख २७ हजारांचा सांगतात. नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लावून त्यांनी लोकांवरचा धोका आपल्या अंगावर घेतला. म्हणून एका सरकारी अधिकाऱ्याला हे गाव देवमामलेदार म्हणू लागले आणि आरमकाठी त्यांची यात्रा आजही भरते. त्यांच्याविषयीचा आदर कोणा एका धर्माचा नाही.

असा मोठा त्याग प्रत्येकाकडून होणार नाही. पण त्याच वृत्तीचा कायदाही होऊ शकतो. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली. वि. स. पागे यांनी ती मांडली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. पगारदाराच्या वेतनातून थोडे कापायचे आणि दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचे, असा तो करार होता. शहराने गावाचा धोका थोडासा आपल्या शिरावर घेतला.

आणखी एक उदाहरण आपल्या धर्मसभेतले आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी अहमदनगर जिल्ह्यात पाणलोटाच्या कामाला आयुष्य दिले. क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत त्यांनी १९९३ मध्ये ‘वॉटर’ ही संस्था उभारली. २०२१ मध्ये फादर बाखर देवाघरी गेले. पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत करायचे असते. माथ्यावर चर खणले, चराईबंदी केली की पायथ्याच्या विहिरींना पाणी वाढते. म्हणजे बकऱ्या पाळणाऱ्या गरिबाने चारा सोडायचा आणि फायदा विहीरवाल्याला व्हायचा! या ठिकाणीही धोका सरकू शकतो. म्हणून असे काम यंत्राने एका उन्हाळ्यात उरकता येत नाही. बकरीवाल्यासकट सगळे गाव आधी बसवावे लागते आणि त्याच्या चाऱ्याची सोय आधी ठरवावी लागते. हे बसणे वेळखाऊ आहे, पण चरांइतकेच तेही कामाचा भाग आहे.

हवामान बदलाच्या मोठ्या प्रश्नातही हेच आहे. अमेरिकेतला माणूस सरासरीने भारतीय माणसाच्या कितीतरी पट अधिक कार्बन वायू हवेत सोडतो, आणि थिनिंगला जाणाऱ्या आपल्या बहिणीचा त्यातला वाटा तर नगण्य आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मधील ‘लाऊदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते यासाठीच. पण श्रीमंत देशांकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा आपल्या शिवारात आपण तसे वागत नाही.

आपण काय करू शकतो?

कोणतेही नवे साधन आणताना तीन प्रश्न विचारावेत. माझ्यावरचा धोका यामुळे कमी झाला तर तो कोणाकडे जातो? ज्याला सर्वांत जास्त धोका आहे त्याच्यापर्यंत हे पोहोचते का? आणि हे ठरवताना त्याला विचारले होते का?

आपल्या धर्मग्रामातही काही साध्या गोष्टी लगेच होण्यासारख्या आहेत. प्रत्येक वस्तीवर दोन माणसे, त्यांत एक स्त्री, इशारा आला की दारोदार सांगायला तयार असावीत. एकटे राहणारे वृद्ध, अपंग, गुरांमागे जाणारी मुले यांची यादी त्यांच्याजवळ असावी. विजांचा इशारा आला की मुकादमाने काम थांबवावे आणि मालकाने त्या वेळेची मजुरी कापू नये. नाहीतर मजुराला पैसे की जीव हे निवडावे लागते. रात्री-अपरात्री चर्चची घंटा वाजवायची वेळ आली तर तिचा अर्थ सर्वांना माहीत असावा, धर्म कोणताही असो. आणि ज्यांच्याकडे विहिरी, तळी आहेत त्यांनी दिवाळीनंतर शेजाऱ्यांसोबत एकदा पाण्याची पातळी मोजायला बसावे. पिण्याच्या विहिरीचे पाणी सर्वांत आधी बाजूला ठेवावे, मग बागांचा विचार करावा.

या गोष्टींना फार पैसा लागत नाही. एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसण्याची तयारी मात्र लागते. प्रत्येकाच्या हाती स्वतःचा मोबाइल आणि स्वतःची मोटर आल्यापासून नेमकी तीच कमी होत चालली आहे. ती पुन्हा लावून घेऊ या.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीवर वादळाचा किंवा विजेचा इशारा सर्वांत शेवटी कोणाला कळेल? त्यांना सांगण्याची जबाबदारी कोण घेईल?

२. मागील उन्हाळ्यात आपल्या घरी पाणी पुरले असेल, तर आसपास कोणाला पुरले नाही? त्यामागे आपला काही भाग होता का?

३. गारपिटीने काम बुडालेल्या मजूर कुटुंबासाठी आपण मिळून काय बाजूला ठेवू शकतो?